बाबांच्या वाट्याची बिअर

इलिथा पाठीवर झोपली की नोबान्तूला दीड तास मिळायचा. कधी सव्वाच. तेवढ्यात टाकीवरून पाणी आणायचं, मक्याच्या कण्या निवडायच्या, कोंबड्या हाकलायच्या आणि मागच्या गोल घरात जाऊन पिंपाला कान लावायचा. पोर पाठीवर असली की वाकताना आधी गुडघे वाकवायचे, मग कंबर, हे अकरा महिन्यांत अंगवळणी पडलं होतं. पिंपाला कान लावताना मात्र तिला अजून अवघडल्यासारखं व्हायचं. पाठीवर एक जीव झोपलेला आणि पुढ्यात दुसरा जागा. दोघांनाही धक्का लागू द्यायचा नाही.

पिंपात वीस लिटर बिअर होती आणि ती सासऱ्यांसाठी होती. त्याच सासऱ्यांसाठी, ज्यांना दवाखान्यातल्या सिस्टर मगोबांनी बिअरच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही म्हणून बजावलं होतं.

बाबांना शुगर होती. गेल्या थंडीत डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बोटं गेली त्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. "आठ उरलीत, मला काही पायांनी मोजायचं नाही," म्हणाले. पण बिअर सुटली आणि माणूस आतून मिटत गेला. गावात कुणाकडे काही कार्य असलं की पुरुष गोठ्याच्या कुंपणाला पाठ लावून गोल बसतात. पत्र्याचा एकच डबा सगळ्यांच्या हातून फिरतो. डबा आपल्यापाशी आला की घोट घ्यायचा आणि पुढे द्यायचा. सप्टेंबरात शेजारच्या वाडीत बाबांनी डबा तोंडाला न लावताच पुढे सरकवला. घरधन्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तो माणूस विचारायला आला, "तोलो, माझ्या हातून काय चुकलं?" तोलो हे बाबांच्या कुळाचं नाव, मान देऊन हाक मारायची तर तेच घ्यायचं. त्या दिवसानंतर बाबा कुणाकडे गेले नाहीत. दारापुढे खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसायचे. इलिथा रांगत आली की तेवढ्यापुरते हलायचे. तिला मांडीवर घ्यायचे, आणि ती तिथे अशी झोपायची की जणू त्या मांडीचं माप घेऊनच जन्माला आली होती.

आणि इलिथाचा बोकड राहिला होता. मूल झालं की बोकड कापायचा, बिअर ठेवायची आणि घरातल्या थोरल्या पुरुषानं पूर्वजांना सांगायचं: ही आपली, हिच्याकडे लक्ष असू द्या. ती चार महिन्यांची असतानाच हे व्हायला हवं होतं. ईस्टरला मालुसी, नोबान्तूचा नवरा, खाणीवरून सुट्टीवर यायचा होता. आता तरी व्हायलाच हवं होतं.

"सिपिवो करेल," बाबा म्हणाले होते. सिपिवो त्यांचा धाकटा भाऊ. "त्याची सगळी बोटं शाबूत आहेत."

"पण थोरले तुम्ही," सासूबाई, म्हणजे माभेले, म्हणाल्या.

"मग? पूर्वजांपुढे बिअर ठेवायची आणि आपण ओठही लावायचा नाही? पाहुण्याला ताट वाढून यजमान तोंड पुसत बसतो का कुठे? आणि एक घोट घेतला तर दुसरा डबा येणार, तिसरा येणार. तो कसा परतवू? नाही. प्यायचं तर माणसांत बसून माणसासारखं, नाहीतर नाही."

सुनेनं सासऱ्याशी वाद घालायचा नसतो. पण तिच्या स्वतःच्या बोकडाच्या वेळी काय झालं होतं ते तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. वडील आधीच गेलेले. कुठून तरी लांबचे काका आले, गोठ्यात उभे राहिले, पूर्वजांना हाका मारायला लागले, आणि मधेच थांबून बाजूच्याला विचारलं, "पोरीचं नाव काय म्हणालास?" आई हे सांगताना हसायची. नोबान्तूला कधीच हसू आलं नव्हतं. सिपिवोकाका माणूस वाईट नव्हता. पण इलिथाला तो 'ए बारके' म्हणायचा.

तिला बाबांचाच आवाज हवा होता.

फेब्रुवारीत बाबांच्या गोळ्या आणायला गेली तेव्हा तिनं सिस्टर मगोबांना विचारलं.

"मी 'प्या' म्हणणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "लिहून तर मुळीच देणार नाही."

"लिहून नको."

"चोरून पितात का?"

"नाही ना! चोरून प्याले असते तर मला इतकी काळजीच नसती, सिस्टर."

सिस्टर हसल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, आपली घरची बिअर म्हणजे अर्धी लापशीच. पीठ तसंच असतं तिच्यात. वर तुम्ही बायका ती लवकर आंबून यावी म्हणून साखर ओतता. शुगरच्या माणसानं ती प्यायची म्हणजे दोन ताटं जेवल्यासारखंच. पातळ केलीस, पीठ काढलंस, गोडवा सगळा आंबून गेला, तर गोष्ट थोडी वेगळी. तरी दोन छोटे कप. तेही पोटात मटण गेल्यावर. आधी मोजायचं, नंतर मोजायचं. आणि चढेल इतकी प्याले तर शुगर उलटी खाली कोसळते, तेही लक्षात ठेव. करता येईल तुला अशी?"

"बघते."

"चव लागेल का?"

"ते बाबा बघतील."

लग्नाआधी चार वर्षं नोबान्तू शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, काचसामान धुवायला होती. तिथला म्हातारा केमिस्ट कामात बोलका होता, धुणारीलाही सगळं समजावायचा. ती नोकरी सोडून निघाली तेव्हा त्यानं तिला काचेची एक तरंगती नळी दिली. डेअरीत दूध तपासायला असते ना, तशीच. गोड पाण्यात ती नळी उंच उभी राहते. आंबवण गोडवा खात जाईल तसतशी खाली बुडत जाते. नुसत्या पाण्यात हजाराच्या रेघेपर्यंत. लग्नात लोक ब्लँकेटं देतात, या म्हाताऱ्यानं नळी दिली म्हणून घरात सगळे हसले होते. तीन वर्षं ती लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली पेटीत पडून होती.

पहिला घाणा तिनं मार्चच्या सुरुवातीला घातला. तो व्हिनेगरच्या वर गेला. डुकरांना ओतला तर डुकरं दिवसभर झोपली. माभेले म्हणाल्या, "डुकरांना तरी पसंत पडली."

दुसऱ्या वेळी तिनं घाई केली नाही. मोड आणून वाळवलेली ज्वारी नेहमीच्या दुप्पट घेतली. मक्याची लापशी शिजवून निववली, पण पार थंड होऊ दिली नाही. बोट बुडवलं की चटकन मागे घ्यावंसं वाटेल एवढी गरम असतानाच मोडाचं पीठ कालवलं आणि पातेलं दोन तास चुलीच्या कडेला जपून ठेवलं. घट्ट लापशी हळूहळू पाण्यासारखी सुटत गेली आणि गोड झाली. पिठाचाच गोडवा झाला, आता तो खाऊन टाकणं आंबवणाचं काम. बायका बिअर तयार झाल्यावर गाळतात. तिनं आधीच गाळली, गवताच्या गाळण्यातून एकदा आणि इलिथाच्या जुन्या लंगोटाच्या कापडातून दुसऱ्यांदा. चोथा कोंबड्यांना. मागच्या बिअरचा तळातला गाळ विरजण म्हणून घातला आणि पिंपाचं झाकण सैल लावलं. नळी चाळीसच्या रेघेवर होती, म्हणजे हजारावर चाळीस. साखर नाही. वरून कण्या नाहीत. आपली बिअर तीन दिवसांत पितात, हिला नऊ दिवस द्यायचे.

चार दिवस पिंप उकळत्या भातासारखं बोलत होतं. पाचव्या दिवशी कुजबुजायला लागलं. सहाव्या दिवशी, मंगळवारी, गप्प झालं. नळी बुडत बुडत हजारावर दोन रेघांपर्यंत आली. नोबान्तूनं मोठ्यानं "दोन!" म्हणत ओलं बोट चाटलं. आंबट, कोरडं, तळाशी भाकरीचा किंचित वास. पोर पाठीवर होती म्हणून, नाहीतर ती नाचली असती.

बुधवारी शेजारीण माद्लोमो आली. गावात कुणाच्या घरी बिअर घातली की तिचे पाय आपोआप तिकडे वळतात. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गं सूनबाई, पिंपाला देवाज्ञा झाली का? आवाज नाही तो!"

"व्हायची ती झालीय, काकू."

"बघू तरी." माद्लोमोनं चोळीतून काडेपेटी काढली. बिअरची परीक्षा गावात अशीच होते. झाकण उचलायचं, पेटती काडी आत धरायची. आतली बिअर जिवंत असेल तर तिच्या श्वासानं काडी फक्कन विझते. जितकी पटकन विझेल तितका त्या बाईच्या हाताला गुण.

माद्लोमोनं झाकण चांगलं उघडून काडी आत धरली. काडी जळत राहिली. निवांत, चर्चमधल्या मेणबत्तीसारखी. बोटाला चटका बसला तेव्हा माद्लोमोनंच ती टाकली.

"माभेले!" ती अंगणाकडे बघून ओरडली. "मेलं गं तुझं पिंप! शनिवारी सगळं गाव येणार आणि पूर्वजांना काय, नळाचं पाणी पाजणार?"

"ती मेलेली नाही," नोबान्तू म्हणाली. "तिचं जेवण संपलंय म्हणून—"

"कारखान्यात शिकलेलं आम्हाला सांगू नको हं पोरी. मी तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीपासून बिअर घालतेय."

माद्लोमो गेली. माभेले अंगणात उभ्या राहून, एकही काडी दिसत नसताना, अंगण झाडत राहिल्या.

गुरुवारी नोबान्तू इलिथाला लस द्यायला दवाखान्यात गेली. परत येता येता दुपार झाली. पोर रडून रडून पाठीवर झोपलेली. तिनं सवयीनं मागच्या घरात पाऊल टाकलं आणि दारातच थांबली.

पिंप बोलत होतं. फसफस, फसफस, पहिल्या दिवशीसारखं.

क्षणभर तिला काही कळेना. दोन दिवस गप्प असलेलं पिंप आपणहून कसं जागं होईल? गुडघे वाकवून ती खाली बसली. मग्यात बिअर काढली, मोज्यातून नळी काढली आणि सोडली. नळी मान वर काढून उभी राहिली. "हजारावर दहा!" ती मोठ्यानं बोलून गेली.

मागे दारात माभेले होत्या. चेहऱ्यावर काहीतरी लपवून आणलेल्या माणसाचं हसू.

"जिवंत केली तुझी," त्या म्हणाल्या. "आत्ता काडी लावून बघितली. फुंकर मारल्यासारखी विझली! आता बोलू दे माद्लोमोला."

"आई, काय घातलंत?"

"काय घालणार? दोन मग साखर. ब्राऊन, चांगली. रविवारच्या चहाची." मग नोबान्तूचा चेहरा बघून, "काय झालं? अगं, सगळेच घालतात. तू नवी आहेस, तुझ्या हाताला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून..."

नोबान्तूच्या तोंडात खूप काही आलं. ते सगळं तिनं गिळलं, कारण समोर सासू होती. पण डोळ्यांतलं गिळता येईना.

"आई, काडी विझत नव्हती ते बरोबरच होतं. आत साखर उरली नव्हती म्हणून ती विझत नव्हती. इतके दिवस मी त्याचीच तर वाट बघत होते. ही बाबांसाठी होती."

माभेलेंचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

रोज संध्याकाळी बाबांचा पाय त्याच धुवायच्या. कोमट पाणी, मीठ नाही, साबण जरासा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. जिथे दोन बोटं नव्हती तिथे त्या फडकं सगळ्यात हळू फिरवायच्या. हे काम त्यांनी सुनेला एकदाही करू दिलं नव्हतं.

"मी माझ्या हातानं..." त्या म्हणाल्या आणि तिथल्याच पोत्यावर बसल्या. "मला वाटलं तुझी अब्रू. तूही काही नीट सांगत नाहीस गं!"

ते खरं होतं. नळी, रेघा, आंबवणाचं जेवण, सगळं नोबान्तूनं एकटीनं केलं होतं. सासूला विचारायचं असतं, शिकवायचं नसतं, म्हणून. ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. पाठीवरच्या पोरीनं झोपेतच एक हुंदका दिला.

"आता ओतून द्यायची का?" माभेलेंनी विचारलं.

"नाही. साखर घातली ती घातली. पण आंबवण अजून जिवंत आहे, ते हीसुद्धा खाईल. वेळ मिळायला हवा आणि ऊब. शनिवार सकाळपर्यंत."

"दीड दिवस. आणि बाहेर हे वारं."

वारं होतंच. ईस्टरच्या सुमाराला डोंगरावरून जे सुटतं ते गोल घराच्या मातीतूनही आत येतं. माभेले उठल्या. स्वतःच्या अंगावरची शाल काढून पिंपाभोवती गुंडाळली. मग पलंगावरची गोधडी आणली. मग बाबांचा जुना कोट. नोबान्तूनं हात लावून बघितलं आणि मान हलवली. पुरणार नव्हतं. मग तिनं छातीवरची गाठ सोडली. घरात सगळ्यात जाड, सगळ्यात उबदार एकच ब्लँकेट होतं, पोर पाठीला बांधायचं.

"आण इकडे तिला," माभेले म्हणाल्या. झोपलेली इलिथा त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि टॉवेलानं बांधली. "तीन मुलं वाढवली या पाठीनं. चौथं वाढेल. तू पिंप बांध."

नोबान्तूनं पिंपाला ब्लँकेट पोरीसारखंच बांधलं, खालून वर, मधे घडी, पुढे गाठ. भाजलेल्या विटा फडक्यात गुंडाळून बुडाशी लावल्या. दर दोन तासांनी विटा बदलायच्या. पहिल्या फेरीनंतर तिला विटा बदलायला उठावंच लागलं नाही. माभेले आधीच जाऊन आलेल्या असायच्या.

शुक्रवारी सकाळी नळी सातवर आली. दुपारी पाचवर. संध्याकाळी मालुसी बॅग घेऊन अंगणात उतरला, बायकोला भेटला, मुलीला उचललं, आणि आई आतून ओरडली, "तीन!"

"काय तीन?" मालुसी गोंधळला. "माणसं वाढली का घरात?"

"तू हात धू आणि विटा आण," माभेले म्हणाल्या.

बाबा मागच्या घराच्या भिंतीपलीकडे खुर्चीवर बसून होते. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. सिपिवोकाका उद्या काय बोलायचं ते विचारायला येऊन गेला, तर त्याला म्हणाले, "उद्याचं उद्या बघू."

शनिवारी उजाडलं. नोबान्तू नळी घेऊन मागच्या घरात आली तेव्हा पिंपाला एक शब्द बोलायचा नव्हता. तिनं मग भरला. नळी सोडली. नळी डुगडुगली, बुडाली, बुडतच गेली, आणि हजाराच्या रेघेच्या एक रेघ खाली जाऊन थांबली. मागच्या वेळेपेक्षाही खाली. साखर गेली होती. पण तिची झाली होती दारू, पाण्याहून हलकी. ही बिअर आता आधीपेक्षा कडक होती, म्हणजे कप आणखी लहान हवा.

"काय म्हणते नळी?"

नोबान्तू दचकली. आवाज माभेलेंचा नव्हता. भिंतीपलीकडून, खुर्चीवरून आला होता.

"बाबा?"

"मंगळवारपासून या भिंतीआड काय चाललंय ते ऐकतोय मी. माझी बोटं गेलीत, कान नाही. दोन, दहा, सात, पाच, तीन. आता?"

"हजाराच्या खाली एक, बाबा."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. गोड काही उरलं नाही. अगदीच शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण जवळपास. कडक मात्र आहे. आधी मटण खायचं. मग दोन छोटे कप. जास्त नाही."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मालुसी! माझी टोपी कुठेय?"

दहा वाजेपर्यंत अंगण भरलं. माद्लोमो बायकांच्या घोळक्यात पुढेच होती. पिंप दारापाशी आणलं, ब्लँकेट सोडलं. बिअर करणारीनं आधी स्वतः पिऊन दाखवायची असते. नोबान्तूनं घोट घेतला.

"थांब," माद्लोमो म्हणाली. "काडी लावून दाखव."

नोबान्तूनं हात पुढे केला, पण काडेपेटी माभेलेंनी घेतली. काडी ओढली, पिंपात धरली. काडी जळत राहिली. बायकांमधून 'अयाई' असा सूर निघाला. माभेलेंनी काडी तशीच धरून ठेवली, बोटापर्यंत आली तरी.

"दिसली? जळतेय. आत खायला काही उरलं असतं तर विझली असती. उरलेलं नाही. झालीय ती, पुरती झालीय. माझ्या सुनेनं नऊ दिवस वाट बघितलीय, मी मधे नाक खुपसलं तरी." काडी फेकून त्यांनी बोट चोखलं. "ज्याला गोड हवी त्याच्यासाठी माद्लोमोकडच्या तीन बादल्या आहेत. ही तोलोची आहे."

माद्लोमो पिंपाजवळ आली. मग म्हणाली, "मला त्या नळीतून बघू दे एकदा."

सुनेनं गुरांच्या गोठ्यात पाऊल ठेवायचं नसतं. नोबान्तू कुंपणाबाहेर, दगडाला टेकून उभी राहिली. इलिथा आत आजोबांच्या हातात होती. मालुसीनं बाबांचं बोट आधीच टोचलं होतं. शुगर सात पॉइंट चार; या यंत्रावर दहाच्या आत असली की बरं. बोकडाच्या खांद्याचं भाजलेलं मांस आधी इलिथाच्या ओठांना लावलं, मग सगळ्यांना वाटलं. बाबांनी बेतानं खाल्लं. मग पत्र्याचा डबा आला.

बाबांनी जमिनीवर थोडी सांडली. मग घोट घेतला. सगळा गोठा बघत होता.

"हं," ते म्हणाले. डबा सिपिवोकाकाकडे गेला.

"तोलो," सिपिवो घोट घेऊन म्हणाला, "ही बिअर आहे की बिअरचं भांडं विसळलेलं पाणी?" हशा पिकला. त्यानं आणखी एक घोट घेतला, भुवया वर गेल्या. "थांबा थांबा. विसळलेलं पाणी चावतंय."

बाबा उठून उभे राहिले. काठी डाव्या हाती, इलिथा उजव्या कडेवर. त्यांनी पूर्वजांना एकेकाच्या नावानं हाका मारल्या, सात पिढ्या, एकही न चुकवता. मग म्हणाले:

"ही इलिथा. मालुसीची थोरली. उजव्या कानामागे तीळ आहे, माझ्या आईला होता तसा. भोपळा खात नाही, थुंकते. पडली तर लगेच रडत नाही, आधी कुणी बघतंय का ते बघते. दुपारी माझ्या मांडीवर झोपते, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर नाही. तुम्हाला उशिरा दाखवतोय, दोष माझा आहे, पोरीचा नाही. हिच्या आईनं माझ्यासाठी बिअर घातलीय. थोडी पातळ आहे. गोड मानून घ्या."

कुंपणाबाहेर नोबान्तूनं दोन्ही हात तोंडावर दाबले. कुणीही कुणाला नाव विचारलं नव्हतं.

डबा फिरून पुन्हा बाबांकडे आला. त्यांनी दुसरा घोट घेतला, लहान. तिसऱ्या फेरीला डबा हातात धरून ते थांबले. बाहेर नोबान्तू टाचा उंचावून बघू लागली. परतवला तर सप्टेंबरसारखं, प्याले तर सिस्टरनी सांगितल्यापलीकडे.

"माझा हा वाटा," बाबा मोठ्यानं म्हणाले, "पोरीच्या आईला द्या. बाहेर दगडापाशी उभी आहे, मला माहितेय." आपला वाटा नाव घेऊन दुसऱ्याला पाठवला तर तो नकार होत नाही, मान होतो. पुरुषांनी मान डोलावली. डबा कुंपणावरून बाहेर आला. एवढा साधा रस्ता होता, आणि सप्टेंबरात तो कुणालाच सुचला नव्हता. बाबांनाही नाही.

दोन तासांनी पुन्हा बोट टोचलं. आठ पॉइंट एक. माभेलेंनी आकडा दोनदा वाचून घेतला. रात्री पुन्हा मोजायचं ठरवलं, आणि बाबांना नीट जेवायला बसवलं.

दुपारी पाहुणे पांगल्यावर बाबा खुर्चीत टेकले. गाल जरासे लाल होते. "सूनबाई," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात सिपिवोकडे कार्य आहे. एक छोटी कॅन भरून देशील? माझी मी घेऊन जाईन. तिथला डबा बाकीच्यांत फिरू दे."

"नऊ दिवस आधी सांगा, बाबा."

"आत्ताच सांगितलं की."

माभेले आतून म्हणाल्या, "आणि या वेळी मोडाचं पीठ मी कालवणार. किती गरम हवं ते बोटानं दाखव. ती नळी मला वाचता येत नाही असं समजू नको, मला तीन कळलं होतं."

इलिथा डोळे चोळत होती. नोबान्तूनं पिंपाजवळ पडलेलं ब्लँकेट उचललं, झटकलं आणि पोरीला पाठीवर घेतलं. खालून वर, मधे घडी, पुढे गाठ. ब्लँकेटला आंबट ज्वारीचा वास लागला होता. पोरीनं नाक त्यात खुपसलं, एकदा हुंगलं, आणि झोपली.

दीड तास होता हातात. कदाचित सव्वाच. नोबान्तू ज्वारी भिजवायला गेली.